वहीतलं बहुतेक

स्टेनोबाईंनी आयुष्यात जेवढी माणसं ऐकली, तेवढी गावातल्या डॉक्टरनेही ऐकली नसतील. एकतीस वर्षं त्या कोर्टात साहेबांच्या डाव्या हाताला बसल्या. चोर बोलले, भांडकुदळ जावा बोलल्या, खोटं बोलून सुटणारे बोलले आणि खरं बोलून फसणारेही बोलले. बाईंची पेन्सिल सगळ्यांसाठी सारखीच चालली. पण एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. विचारायचा नसतोच. प्रश्न वकिलांनी विचारायचे, उत्तरं साक्षीदारांनी द्यायची आणि स्टेनोने आपण टेबलाचा पाचवा पाय असल्यासारखं गप्प बसायचं. आता ज्या बाईला शेजारणीच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, तिच्या नशिबी ही नोकरी यावी आणि वर कमी ऐकू येणारा नवरा यावा, ही थट्टाच म्हणायची. नवरा छापखान्यात होता, यंत्रांच्या धडधडीने त्याचे कान गेले. संध्याकाळी बाई त्याला दिवसभराच्या खटल्यांची हकीकत रंगवून सांगायच्या. तो मन लावून मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, मग भाजी कुठली आणू?

निवृत्त झाल्यावर बाईंच्या कानांना कामच उरलं नाही. आणि नेमकी तेव्हाच नाटकमंडळी गावात आली.

गावामागची टेकडी अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी साडेदहा वाजता खचली होती आणि खालच्या आळीतली बावीस घरं तिच्याखाली गेली होती. त्यातून वाचलेल्या माणसांवर ही मंडळी नाटक करणार होती. पण नाटक लिहिणारं कुणी नव्हतंच. वाचलेल्या माणसांनी रेकॉर्डरपुढे बोलायचं आणि नटांनी ते जसंच्या तसं, खोकल्यासकट, रंगमंचावर म्हणायचं, अशी त्यांची रीत. दिग्दर्शन करणारी मुलगी बाईंच्या भाचीच्या वयाची होती. गळ्यात सदानकदा हेडफोन अडकवलेला, म्हणून बाईंनी मनातल्या मनात तिचं नावच हेडफोन ठेवून टाकलं. शाळेचा एक रिकामा हॉल त्यांनी तालमीला घेतला होता आणि पस्तीस मुलाखती टाइप करून देणारं माणूस त्यांना हवं होतं. गावात कुणालाही विचारलं तरी एकच नाव निघालं.

बाईंनी पहिल्या तीन मुलाखती दोन दिवसांत हातावेगळ्या केल्या. अक्षर न अक्षर शुद्ध, एकही खाडाखोड नाही. हॉलमध्ये जाऊन त्यांनी कागद ठेवले आणि शाबासकी घ्यायला उभ्या राहिल्या. मुलीने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाई, हे फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे कुणी बोललेलंच नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षांत ज्यांच्या कागदावर वरच्या कोर्टानेही बोट ठेवलं नाही, त्यांना ही कालची पोर शिकवणार! त्यांनी ताडकन सुनावलं, की टेकडीच्या चौकशीतले सगळेच्या सगळे जबाब त्यांच्याच हातचे आहेत, तो अहवाल एकदा वाचून बघ म्हणावं. मुलगी म्हणाली, वाचलाय. त्यात सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात.

मग तिने एका नटाला बोलावलं. नळदुरुस्ती करणाऱ्याच्या मुलाखतीतलं बाईंनी टाइप केलेलं पान त्याने आधी वाचून दाखवलं. 'मी नळ दुरुस्त करत होतो. तत्पूर्वी मी वायसर बदलला होता. आवाज ऐकून मी बाहेर धावलो.' यात वाईट काय होतं, ते बाईंना कळेना. तत्पूर्वी हा तर त्यांचा लाडका शब्द. एका साहेबांनी त्यासाठी भर कोर्टात त्यांचं कौतुक केलं होतं, तेव्हापासून जिथे फट दिसेल तिथे त्या तो बसवत. मग नटाने कानाला हेडफोन लावला आणि ऐकू येईल तसं म्हणू लागला. "नळाचं काय झालं, वायसर... वायसर बदलत होतो मी. नाही, बदलून झाला होता. झाला होता ना? हो. आणि मग आवाज."

बाई खुर्चीत बसल्या. हेच त्यांनी घरी तीनदा ऐकलं होतं. त्या माणसाला अकरा वर्षांनीही आपला वायसर बदलून झाला होता की नाही, याची काळजी होती, आणि नेमकी तीच त्यांनी साफसूफ करून टाकली होती. राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते त्यांच्या ओळखीचं होतं. शेजारणीच्या पिशवीत काय आहे, ते बघायचं होतं.

त्या दिवसापासून बाईंना वेड लागायचंच बाकी राहिलं. जेवणाच्या टेबलावर मोबाइलमधलं सेकंदाचं घड्याळ मांडून त्या मुलाखतींमधले थांबे मोजू लागल्या. छोटा थांबा असला तर टिंबं, मोठा असला तर कंसात सेकंद. हसू, आवंढा, खुर्चीची करकर, सगळं कागदावर. नळवाला प्रत्येक भयंकर वाक्याच्या आधी हसतो, हे त्यांनी शोधून काढलं. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांचा धाकटा भाऊ टेकडीखाली गेला होता. बोलण्यात भाऊ जवळ आला की शिक्षक भलतीकडे वळून आळीतले रस्ते कुठून कुठे जायचे ते सांगू लागत. पाच मिनिटांत ते तीनदा वळले. बाई नवऱ्याला म्हणाल्या, अहो, माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठे थांबतो ते बघावं. नवरा म्हणाला, थांबतो कशाला, आत्ता जाऊन आणतो.

सतराव्या मुलाखतीत इस्त्रीवाली होती.

शाळेच्या कोपऱ्यावर तिचं टपरीवजा दुकान होतं. बाईंच्या साड्या तिच्याकडे जात नसत, पण तोंडओळख होती. ती छान बोलत होती, अडखळत, मागेपुढे करत. कोळशाची इस्त्री कशी होती, सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडल्यापासून घरात कोण कुठे झोपायचं, मुलगा त्या सकाळी शाळेत होता. बाईंची टिंबं भराभर पडत होती. आणि मग एकदम टिंबं थांबली.

"सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. तत्पूर्वी मी त्यांना पाणी दिले होते. आवाज ऐकून मी घाबरले व त्यांना घरात ठेवून बाहेर पडले."

त्यानंतर अकरा सेकंद काहीच नाही.

बाईंनी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. तीन वाक्यं, एक श्वास, मध्ये कुठेही थांबा नाही. शाळेतलं पोर कविता घडाघडा म्हणतं तशी. आणि इस्त्रीवाली 'तत्पूर्वी' म्हणाली? सबंध मुलाखतीत 'दिलं' म्हणणारी बाई इथेच 'दिले होते' म्हणाली? ही वाक्यं हिची नव्हेत, हे बाईंना ताबडतोब कळलं. मग कुणाची, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांना नको असतानाही येत चाललं होतं.

टेप पुढे सरकली. इस्त्रीवाली सांगत होती, की चौकशीचा छापील कागद प्रत्येक घराला मिळाला तेव्हा मुलगा पंधराचा होता. आजीने वाढवलेलं पोर ते, आजीवर त्याचा फार जीव. त्याने तो कागद आईला वाचून दाखवला. एकदा नव्हे, तीनदा. त्या आठवड्यात तो काकांकडे राहायला गेला तो गेलाच. आता मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो, महिन्याला एकदा फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. "तो म्हणतो ते खरंच आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "कागदावर आहे ना तसं."

बाईंच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत त्यांच्या शॉर्टहँडच्या जुन्या वह्या आहेत, तारखेवार. खरं तर त्या कचेरीत जमा करायच्या, पण कचेरीला नको होत्या आणि बाईंना टाकवेनात. चौकशीची वही त्यांना दहा मिनिटांत सापडली. रेघा आणि आकडे फिकट झाले होते, तरी त्यांना वाचायला अडचण आली नाही. त्या दिवशी इस्त्रीवाली बोलली ती अशी:

'पाणी दिलं. म्हणजे पेला ठेवला. आणि मग ते टेकडीचं सुरू झालं, करकर. मी घाबरले. उचलायला गेले त्यांना बहुतेक, नीट आठवत नाही. मग त्या जा म्हणाल्या बहुतेक. आवाज फार होता. हात असा केला. (हात करते.) मी दोन माणसं आणते म्हटलं बहुतेक, का मनातच म्हटलं. आणि पळाले.'

साहेबांचा नियम होता. साक्षीदाराला ज्याची खात्री नाही, ते जबाबात घ्यायचं नाही. बहुतेक, वाटतं, असेल, असं काही आलं की ते वाक्य जायचं. चांगला नियम होता, चोरांच्या बाबतीत तर फारच चांगला. त्या दिवशी एकोणीस जबाब होते, आणि कुठे कात्री लावायची ते बाईंना सांगावं लागत नसे, याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी तीन बहुतेक कापली. उरलं ते स्वच्छ होतं, आणि त्यात एक बाई सासूला मरायला टाकून पळाली होती.

खरं सांगायचं तर बाईंनी वही मिटून पुन्हा ट्रंकेत ठेवली. त्यांचं शॉर्टहँड त्यांच्याशिवाय जगात कुणाला वाचता येत नव्हतं, एकतीस वर्षांत त्यांनी त्यात स्वतःच्या खुणा घातल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत तर कुणाला कधीही कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण त्यांना त्या दुपारी बरीच वेळा आठवली, आणि दर वेळी टेपवरचे ते अकरा सेकंदही आठवले. बाईंना स्वतःची लाज वाटली. उघड उघड, कान तापेपर्यंत वाटली.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगायचं ठरवलं. त्याला ऐकू जाईना. त्यांनी आवाज चढवला, त्याने कानामागे हात धरला, त्यांनी आणखी चढवला. शेवटी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्यांना गच्चीवरून हाक मारावी तशी ओरडून सांगावी लागली. शेजारची खिडकी उघडली आणि सभ्यपणे बंद झाली. नवरा जरा वेळ भाजी निवडत राहिला.

"मला एवढ्या मोठ्याने सांगितलंस," तो म्हणाला. "आता तिला हळू सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वही घेऊन टपरीवर गेल्या. टेबलावर घोंगडीची घडी, तिच्यावर चादर, कडेला पाण्याची बाटली, मागे गठ्ठ्यांची रांग. इस्त्रीवाली शर्ट करत होती. बाईंनी आपण कोण, चौकशीत कुठे बसलो होतो, ते सांगितलं आणि उभ्याउभ्याच ते पान वाचलं. आवाज चढउतार न करता, कोर्टात वाचत तसं. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. हातातल्या शर्टाच्या बाह्या मागे घेतल्या, घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाली, "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"मी असं बोलले होते?"

"शब्द न शब्द."

"मग कागदावर का नव्हतं?"

"मी काढलं," बाई म्हणाल्या. नियमाचं त्या सांगणार होत्या, साहेबांचं सांगणार होत्या, रात्रभर जुळवून आणलं होतं. ते तसंच राहिलं.

इस्त्रीवाली स्टुलावर बसली. रागावली नाही असं नाही, पण राग यायलाही तिला वेळ लागला. "मला वाटायचं," ती म्हणाली, "कागदावर आहे तेवढंच खरं. बाकीचं मी मागाहून रचलं, स्वतःला बरं वाटावं म्हणून. अकरा वर्षं मी स्वतःला खोटारडी म्हणत आले बाई. आणि माझ्या तोंडचं बोलणं तुमच्या ट्रंकेत पडलं होतं."

बाई माफी मागू लागल्या. तिने हात वर करून थांबवलं. माफीचं मग बघू, म्हणाली. मला वाचून काय उपयोग, मी तिथेच होते. त्याला वाचून दाखवा.

मुलाला फोन बाईंनीच केला. त्याने विचारलं, काय आहे त्यात? बाई म्हणाल्या, ते फोनवर वाचायचं नाही.  सवय लागलेल्या बाईंनी सात सेकंद मोजले. मग म्हणाला, रविवारी येतो.

नाटकवाल्या मुलीला हे सगळं नाटकात हवं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. बाईंनी तिला बजावलं, आधी घर, मग नाटक. तिनेही ते ऐकलं. रविवारी दुपारी तिने तालीम थांबवून हॉल मोकळा करून दिला आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. आत तीन खुर्च्या होत्या. मुलगा उंच होता, बोटांवर ग्रीसचे डाग, येताना दुकान बंद होण्याआधी पोचायची घाई असल्यासारखा चालत आला. आईला त्याने कशी आहेस विचारलं. बरी आहे, ती म्हणाली. फोनवर बोलायचे तेवढंच समोरासमोर बोलून झालं.

बाईंनी पान वाचलं. वाचून झाल्यावर त्याने हात पुढे केला, वही घेतली आणि त्या रेघा उलटसुलट करून बघितल्या.

"यात असंच लिहिलंय कशावरून?" तो म्हणाला. "तुम्ही काहीही वाचाल. मला काय कळतंय."

प्रश्न चोख होता. चांगल्या वकिलाने हाच विचारला असता.  ज्या शॉर्टहँडच्या आडोशाला बाई लपणार होत्या, तेच आता त्यांच्या आड आलं होतं. त्यांनी फक्त तारीख दाखवली आणि म्हणाल्या, की मी एकदा कापलं हे खरं आहे, त्यामुळे तुमचा विश्वास बसला नाही तर मला बोलायला तोंड नाही. इस्त्रीवाली मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. तिच्या खांद्यांवरून कळत होतं, की तिला हे असंच होणार हे ठाऊक होतं.

मुलगा वही परत देता देता थांबला. "ते कंसातलं काय म्हणालात?"

"हात करते."

"कसा हात?"

ते वहीत नव्हतं. हाताला शॉर्टहँड नसतं. बाईंनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. ती गोंधळली, मग तिने पिशवी खाली ठेवली. डावा हात उचलला, उजवा नाही. तळवा आपल्याकडे, बोटं सैल. अंगावरची माशी उडवावी तसे मनगटाचे दोन झटके, आणि तिसऱ्यांदा हात न हलवता नुसती हनुवटी दाराकडे.

 मुलाने तोंडावर हात ठेवला. बाईंनी एवढी वर्षं साक्षीदारांचे चेहरे पाहिले होते, ओळखीची वस्तू पुढे ठेवली की माणूस कसा दिसतो ते त्यांना माहीत होतं.

"असाच," तो म्हणाला. "उजवा खांदा धरलेला होता ना आजीचा. शाळेला उशीर झाला की रोज असाच करायची."

आता बाईंनी गप्प बसायला हवं होतं. एकतीस वर्षं त्या अशाच जागी गप्प बसल्या होत्या. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, त्यात हुशारी नव्हती की वकिली नव्हती.

"मग तुम्ही काय करायचात?" त्यांनी विचारलं.

"जायचो," मुलगा म्हणाला. "लगेच. तिने तसा हात केला की थांबायची कुणाची टाप नव्हती."

बोलून झाल्यावर त्याला आपलं बोलणं ऐकू आलं. तो आईकडे वळला. तिचा डावा हात अजून तसाच हवेत होता, खाली घ्यायचं ती विसरून गेली होती. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तो हात धरून खाली घेतला.